फ्रॉइड यांची सोळा वर्षांची झुंज

१९२३ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नातील बेर्गगासे १९ या घरी सिग्मंड फ्रॉइड यांना आपल्या तोंडात, उजव्या बाजूला जबडा आणि टाळूवर एक चट्टा आढळला. वय ६६ वर्षांचे. स्वतः डॉक्टर असल्याने अशा चट्ट्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. तरीही सुमारे दोन महिने त्यांनी त्याची वाच्यता केली नाही. दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढणाऱ्या या माणसाला रोगाइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती होती. डॉक्टर सिगार बंद करायला लावतील, ही ती धास्ती. पुढची सोळा वर्षे हा रोग, त्यावरचे उपचार आणि लेखन असा तिपेडी प्रवास त्यांच्या वाट्याला आला.

६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबेर्ग या गावी (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रझीबोर) जन्मलेले फ्रॉइड लहानपणीच कुटुंबासह व्हिएन्नात आले. १८८१ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. मनोविश्लेषणाचा जनक म्हणून जग त्यांना ओळखते, पण त्यांची उमेदवारी सूक्ष्मदर्शकाखाली झाली होती. ब्र्युके यांच्या शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी माशांच्या चेतापेशींचा अभ्यास केला. ऊती आणि पेशी यांची भाषा जाणणाऱ्या या माणसाच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय पेशींच्या बंडानेच लिहिला जावा, हा नियतीचा खेळच म्हणायचा.

एप्रिल १९२३ मध्ये प्राध्यापक हायेक यांनी बाह्यरुग्ण विभागातच त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. रक्तस्राव थांबेना. फ्रॉइड यांना ज्या खोलीत ठेवले होते तेथील घंटा बिघडलेली होती. त्याच खोलीतल्या एका बुटक्या, मंदबुद्धी रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून ते वाचले. त्यानंतर सुरू झाले किरणोपचार. व्हिएन्नातील क्ष-किरणशास्त्राचे अध्वर्यू गिडो होल्त्सक्नेख्ट यांनी क्ष-किरण दिले आणि पाठोपाठ रेडियमच्या नळ्या ठेवण्यात आल्या. या उपचारांनी फ्रॉइड अक्षरशः पिळून निघाले. कित्येक महिने वेदनेविना एक तासही गेला नाही. त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, त्यांचा जिवापाड लाडका नातू हाइनेले क्षयाने गेला. त्या आघातातून ते पुरते सावरले नाहीत.

किरणोत्सर्ग तोंडाचे नेमके काय करतो? १९०६ मध्ये फ्रान्समधील बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी नियम मांडला की, ज्या पेशी वेगाने विभागतात, त्यांच्यावर किरणांचा मारा अधिक होतो. कर्करोगाच्या पेशी त्याच जातीच्या, म्हणूनच हा उपचार सफल होतो. पण लाळग्रंथींनी या नियमाला चकवा दिला. त्यांच्या पेशी सावकाश विभागणाऱ्या, चांगल्या परिपक्व झालेल्या, तरीही किरणांपुढे त्या चटकन हात टेकतात. विशेषतः कानापुढच्या ग्रंथींतील, पाण्यासारखी पातळ लाळ स्रवणाऱ्या पेशी. १९११ मध्ये खुद्द बेर्गोनिए यांनीच किरणोपचारानंतर तोंड कोरडे पडण्याची नोंद केली होती.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. अन्न ओले करणे, दातांवरचे आम्ल धुऊन काढणे, जंतूंना आवर घालणे ही सारी कामे ती मुकाट्याने करते. किरणोपचाराच्या पहिल्या आठवड्यातच ती आटू लागते. उरलेली लाळ चिकट होते, चव हरपते, गिळणे अवघड होते आणि दात झपाट्याने किडतात. काही काळाने ग्रंथीतील स्रवणाऱ्या पेशींची जागा तंतुमय ऊती घेतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात. मोठी मात्रा मिळालेली ग्रंथी बहुधा पूर्ववत होत नाही. जबड्याच्या हाडाचेही तसेच. रक्तपुरवठा उणावलेले हाड जखम भरून काढण्याची ताकद गमावते आणि कालांतराने त्याचे तुकडे सुटू लागतात.

फ्रॉइड यांच्या काळात मात्रा मोजण्याचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. होल्त्सक्नेख्ट यांनी १९०२ मध्ये किरणांमुळे रंग बदलणाऱ्या चकत्यांचे मापक काढले होते. रॉन्टजेन हे आंतरराष्ट्रीय एकक मात्र १९२८ मध्ये आले. त्याआधी त्वचा लाल होणे हाच डॉक्टरांचा अंदाज. एकाच वेळी मोठा मारा करण्यापेक्षा अनेक दिवसांत थोडी थोडी मात्रा द्यावी, तर रोग मरतो आणि निरोगी ऊती तग धरते, हे पॅरिसमधील क्लोद रेगो यांच्यासारखे संशोधक तेव्हा कुठे दाखवून देत होते. किरणांनी बरे करणारेही सुरक्षित नव्हते. होल्त्सक्नेख्ट यांना स्वतःच किरणजन्य कर्करोगाने गाठले आणि १९३१ मध्ये त्यांचा अंत झाला.

रोगाचे खरे नाव फ्रॉइड यांच्यापासून लपवले गेले होते. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी सत्य दडवले, याचे शल्य त्यांना कायम राहिले. ऑक्टोबर १९२३ मध्ये शल्यविशारद हान्स पिखलर यांनी उजवा वरचा जबडा बहुतांश काढून टाकला. नाक आणि तोंड यांतील पडदा गेला, म्हणून मोठी कवळी बसवावी लागली. ती घालणे आणि काढणे ही दोन्ही यातनाच. बोलणे घोगरे झाले, उजवा कान निकामी झाला. रुग्णांचे बोलणे ऐकू यावे म्हणून त्यांनी आपल्या प्रसिद्ध कोचाची जागा बदलली. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, पण सिगार सुटला नाही आणि लेखणीही थांबली नाही. मुलगी आना हीच त्यांची परिचारिका झाली.

१९२९ च्या सुमारास माक्स शुर हे तरुण डॉक्टर त्यांचे वैद्य झाले. फ्रॉइड यांनी त्यांच्याकडून दोन वचने घेतली. एक, सत्य कधी लपवायचे नाही. दुसरे, वेळ येईल तेव्हा निरर्थक यातना लांबवायच्या नाहीत.

जून १९३८ मध्ये नाझींच्या जाचामुळे ते व्हिएन्ना सोडून लंडनला गेले. त्या वर्षाच्या अखेरीस जबड्याच्या मृत हाडाचा तुकडा काढावा लागला. फेब्रुवारी १९३९ मध्ये रोग पुन्हा उसळला आणि शस्त्रक्रिया आता अशक्य ठरली. पॅरिसहून आंत्वान लाकासान्य तपासायला आले. नेव्हिल फिन्झी यांनी किरणोपचार सुरू केले. दाढीचे केस गळाले, तोंडातून रक्त येऊ लागले, थकवा हाडात भिनला. विचारशक्ती मंदावेल या भीतीने ते ॲस्पिरिनपलीकडे वेदनाशामक घेत नसत. ऑगस्टमध्ये दवाखाना बंद झाला. गालाला भोक पडले, दुर्गंधीने त्यांचा आवडता कुत्राही जवळ येईना. शेवटचे पुस्तक वाचले ते बाल्झाकचे.

२१ सप्टेंबरला फ्रॉइड यांनी शुर यांना वचनाची आठवण दिली. शुर यांनी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे सिग्मंड फ्रॉइड यांचे प्राणोत्क्रमण झाले.

आज किरणांचा झोत संगणकाच्या मदतीने असा आकारता येतो की, कानापुढच्या ग्रंथीवर कमीत कमी मात्रा पडावी. उपचाराआधी दातांची तपासणी हा शिरस्ता झाला आहे. तरीही कोरड्या तोंडाची तक्रार संपलेली नाही. रोग मारावा आणि माणूस, त्याच्या चवीसह, बोलण्यासह, शाबूत राहावा, ही कसरत आजही चालूच आहे. फ्रॉइड यांच्या वाट्याला ही सोय आली नाही. त्यांना मिळाली ती एका वैद्याची सत्यनिष्ठा, आणि त्यांनी तिचीच सर्वांत मोठी मागणी केली होती.