हवेतून सूर काढणारा शास्त्रज्ञ

सतारीची तार छेडली की सतार बोलते. बासरीत फुंकर घातली की बासरी गाते. परंतु वाद्याला बोटही न लावता त्यातून सूर काढणारा एक पुरुष होऊन गेला. त्याचे नाव लेव्ह थेरेमिन.

थेरेमिनचा जन्म १८९६ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग या नगरात झाला. वीज आणि संगीत या दोहोंची त्याला बालपणापासून गोडी होती. विजेचे प्रयोग करता करता तो चेलो हे मोठ्या व्हायोलिनसारखे तंतुवाद्यही शिकला. पुढे त्याच नगरातील पदार्थविज्ञान संस्थेत तो संशोधन करू लागला. १९२० साली वायूंचे गुणधर्म मोजण्याचे एक यंत्र तो बनवीत होता. त्या यंत्रातून शीळ ऐकू येई. हात जवळ नेला की ती चढे, दूर नेला की उतरे. दुसऱ्या एखाद्याने हा यंत्राचा दोष मानला असता. थेरेमिनच्या संगीतज्ञ कानांनी त्यात वाद्य ओळखले.

या वाद्यात अतिशय वेगवान विद्युत्-कंपने निर्माण करणारी दोन मंडले असतात. ती कंपने आपल्याला ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो त्यांच्यातील फरक. समजा, एकाची कंपने सेकंदाला १,७०,००० आहेत आणि हात जवळ आल्याने दुसऱ्याची १,६९,५६० झाली; तर ४४० कंपनांचा सूर उमटतो. एक हात उभ्या दांडीजवळ हलवून सुराची उंची बदलावयाची व दुसरा कडीजवळ नेऊन आवाज लहानमोठा करावयाचा, अशी ही वादनाची रीत आहे.

१९२२ साली थेरेमिनने हे वाद्य लेनिनला वाजवून दाखवले. १९२७ साली तो परदेशी निघाला आणि युरोपातून अमेरिकेत गेला. तेथे त्याची मोठी वाहवा झाली. हात दुखावल्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेली क्लारा रॉकमोर या वाद्याची थोर वादक बनली.

पण दैव फिरले. १९३८ साली तो मायदेशी परतला आणि १९३९ साली त्याला अटक झाली. कोलिमाच्या कडाक्याच्या थंडीत त्याने सक्तमजुरी केली. नंतर बंदिवासातील प्रयोगशाळेत, जगाला नवे सूर ऐकवणाऱ्या या माणसाला इतरांचे बोलणे चोरून ऐकणारी यंत्रे बनवावी लागली. १९४७ साली त्याची सुटका झाली. पुढे मॉस्कोच्या संगीत विद्यालयात त्याने पुन्हा वाद्ये घडवली. पण तेथूनही त्याला काढण्यात आले.

इकडे अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या एका शाळकरी मुलाने घरीच थेरेमिनचे वाद्य तयार केले होते. मोठेपणी, १९६४ साली, त्याने सुट्या घटकांचा सिंथेसायझर घडवला. त्यातील एक घटक कंपने निर्माण करी, दुसरा ती गाळी, तिसरा आवाज कमीअधिक करी. हे घटक तारांनी हवे तसे जोडावे आणि कोणी कधी न ऐकलेले ध्वनी काढावे! आज असे सिंथेसायझर जगभर वाजतात.

१९९१ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, थेरेमिन पुन्हा अमेरिकेत गेला. वृद्ध झालेली क्लारा त्याला भेटली. १९९३ साली मॉस्को येथे त्याने देह ठेवला. राजसत्तेने त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेतले. परंतु त्याने हवेतून काढलेला सूर तिला बंदिस्त करता आला नाही.