गोळीचा वेग मोजणारा बेंजामिन रॉबिन्स

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात विहिरीत पडलेल्या किंवा घरात कोंडल्या गेलेल्या बिबट्याला बाहेर काढायचे, तर बऱ्याचदा पशुवैद्यकाला भुलीच्या औषधाची सुई बंदुकीतून मारावी लागते. सुईचा वेग कमी पडला तर ती वाटेतच खाली येते किंवा औषध आत जात नाही. वेग जास्त झाला तर हाड मोडते किंवा सुई छातीत घुसते. म्हणून अंतर पाहून बंदुकीतला वायूचा दाब कमी-जास्त करावा लागतो. या हिशेबाचा पाया घातला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा शेवट आपल्याच देशात झाला.

रॉबिन्सचा जन्म 1707 साली इंग्लंडमधल्या बाथ गावी, गरीब क्वेकर कुटुंबात झाला. गणित तो बहुतांशी स्वतःच शिकला. लंडनमध्ये शिकवण्या करून पोट भरणारा हा तरुण वयाच्या विशीत, 1727 साली, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

त्या काळी गोळीचा वेग मोजण्याचे साधनच नव्हते. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मोजणार कशी? रॉबिन्सने लाकडाचा जाड ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी लाकडात रुतली की दोन्ही मिळून मागे झोका घेत. ठोकळ्याला बांधलेली फीत किती ओढली गेली, यावरून झोका कळे. त्याच्या एका प्रयोगात लंबक सुमारे 56 पौंडांचा होता आणि गोळी एका पौंडाच्या बाराव्या भागाएवढी. इतक्या जड लंबकाला मिळालेली गती माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही कमी. त्यामुळे ती सहज मोजता आली. त्यावरून गोळीचा वेग निघाला सेकंदाला सुमारे 1,640 फूट, म्हणजे 500 मीटर. हे सारे त्याने 1742 साली पुस्तकरूपाने मांडले. थोर गणिती ऑयलरने 1745 मध्ये त्याचे जर्मन भाषांतर केले आणि त्यावर विस्तृत टिपा लिहिल्या. 1746 साली रॉबिन्सला कोपली पदक मिळाले.

वेग मोजता येताच एक जुना समज मोडला. हवेचा अडथळा किरकोळ आहे, असे तोफखान्यातले लोक धरून चालत. रॉबिन्सने दाखवले की वेगवान गोळीवर तो तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो.

मग प्रश्न आला नेमाचा. गोळी डावी-उजवीकडे का भरकटते? त्याने वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि गोळीने पाडलेल्या भोकांवरून तिची वाट शोधली. एकदा तर बंदुकीची नळी टोकाशी मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे वळून उजवीकडे लागली. नळीच्या एका बाजूला घासल्याने तिला गिरकी मिळते आणि हवा तिला त्या बाजूला ढकलते, हे त्यावरून उघड झाले. नळीत आटे पाडून गोळीला प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरवले, तर ती सरळ जाईल, असे त्याने 1747 साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. आट्यांच्या रायफली सैन्यात सर्रास यायला पुढे शंभरेक वर्षे लागली.

ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या कामासाठी मुख्य अभियंता नेमले. 1750 साली तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचला. काही महिन्यांतच तापाने गाठले. त्यातून तो उठला, पण 29 जुलै 1751 रोजी तापानेच त्याचा बळी घेतला. वय अवघे 44. अदृश्य वेग मोजणाऱ्या या माणसाच्या अंगातल्या तापाचे कारण रक्त तपासून शोधण्याची सोय मात्र तेव्हा जगात कुठेच नव्हती.

आज वेग मोजायला लंबक लागत नाही. दोन प्रकाशपडद्यांमधले अंतर कापायला लागलेला वेळ यंत्र टिपते. डॉक्टर म्हणून त्या आकड्याचा अर्थ मला जखमेत दिसतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. नेमाचा निवाडाही एका बारावर होत नाही. त्याच अंतरावरून अनेक बार काढून ते किती जवळजवळ लागतात, हे पाहावे लागते. सुई बिबट्याच्या मांडीत लागते की पोटात, यावर त्याचा जीव अवलंबून असतो आणि बाहेर जमलेल्या गावकऱ्यांचाही.