ग्रामविद्यालयाचे जनक : हेन्री मॉरिस

इंग्लंडच्या पूर्व भागात केंब्रिजशर नावाचा परगणा आहे. केंब्रिजचे जगप्रसिद्ध विद्यापीठ याच परगण्यात असून तेथे शेकडो वर्षे दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत आले आहेत. परंतु सन १९२० च्या सुमारास या विद्यापीठापासून अवघ्या सहासात मैलांवरील खेड्यांतल्या मुलांची स्थिती फार निराळी होती. गावात एकच लहानशी शाळा असे. पाच वर्षांच्या बालकापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत सारे तेथेच शिकत. पुष्कळ ठिकाणी एकदोन शिक्षक आणि एकदोन खोल्या एवढाच त्या शाळेचा संसार असे. प्रयोगशाळा नाही, सुतारकामाची जागा नाही, ग्रंथालय नाही. चौदावे वर्ष सरले, की मुलगा शेतावर राबू लागे, नाहीतर पोटापाण्यासाठी शहराची वाट धरी. तरुण माणसे गेली, की गाव ओस पडू लागे.

ही स्थिती पाहून ज्यांचे मन अस्वस्थ झाले आणि ती पालटण्यासाठी ज्यांनी आपले उभे आयुष्य वेचले, ते थोर शिक्षणाधिकारी म्हणजे हेन्री मॉरिस.

मॉरिस यांचा जन्म १८८९ साली लँकाशर परगण्यातील साउथपोर्ट या गावी झाला. त्यांचे वडील नळजोडणीचे काम करीत. घरची स्थिती बेताची असल्यामुळे चौदाव्या वर्षी हेन्रीची शाळा सुटली आणि तेथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो हरकाम्या म्हणून राहिला. पण शिकण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. पुढे धर्मोपदेशक व्हावे या हेतूने तो वेल्समधील लँपीटर येथील महाविद्यालयात दाखल झाला. तेथून तो ऑक्सफर्डला गेला. इतक्यात १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि त्याला सैन्यात जावे लागले. युद्ध संपल्यावर त्याने केंब्रिज येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा केला. धर्मोपदेशक होण्याचा विचार तोपर्यंत मागे पडला होता. लोकांना शिक्षण देणे हेच आता त्याचे जीवितकार्य ठरले.

१९२२ साली केंब्रिजशर परगण्याच्या शिक्षणखात्याची सूत्रे मॉरिस यांच्या हाती आली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. गावोगावच्या शाळा पाहून त्यांच्या मनात एक कल्पना हळूहळू आकार घेऊ लागली. १९२४ साली त्यांनी ती एका टिपणाच्या रूपाने परगण्याच्या कौन्सिलपुढे मांडली. प्रत्येक लहान गावाला मोठी शाळा देणे शक्य नव्हते. म्हणून आसपासच्या अनेक खेड्यांचा एक गट करावा आणि मध्यवर्ती गावी एक प्रशस्त ग्रामविद्यालय उभारावे, अशी ही योजना होती. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी आपल्या गावीच शिकावे व त्यापुढील शिक्षण ग्रामविद्यालयात घ्यावे. दिवसा तेथे मुलांचे वर्ग भरावेत आणि सायंकाळी त्याच इमारतीचे दरवाजे त्यांच्या आईबापांसाठी उघडावेत. ग्रंथालय, सभागृह, कार्यशाळा हे सारे गावकऱ्यांनीही वापरावे. शाळा सुटली म्हणजे शिक्षण सुटले असे होऊ नये. माणूस जन्मभर शिकत राहावा, असे मॉरिस यांना वाटे.

योजना चांगली होती. पण पैसा कोठून आणावयाचा? शेतीला मंदीचे दिवस आले होते आणि कौन्सिलचे सभासद पै-पैचा विचार करीत. मॉरिस डगमगले नाहीत. त्यांनी दानशूर लोकांची व संस्थांची दारे ठोठावली. मदतीसाठी ते अमेरिकेलाही जाऊन आले. अखेर १९३० साली सॉस्टन या गावी पहिले ग्रामविद्यालय उभे राहिले. त्याचे उद्घाटन इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते झाले.

त्यानंतर जगभर मंदी पसरली आणि पुढच्या विद्यालयांसाठी सात वर्षे वाट पाहावी लागली. १९३७ साली बॉटिशॅम व लिंटन येथील विद्यालये उघडली. चौथे विद्यालय इंपिंग्टन या गावी व्हावयाचे होते. शाळेची इमारत सुंदर असली पाहिजे, असा मॉरिस यांचा आग्रह असे. मुले रोज जे पाहतात त्याचाच संस्कार त्यांच्या मनावर होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या सुमारास वॉल्टर ग्रोपियस हे थोर वास्तुशिल्पी नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आले होते. इंपिंग्टनचा आराखडा त्यांनीच करावा, असे मॉरिस यांनी ठरविले. कौन्सिल त्यांचे मानधन देईना, तेव्हा चाहत्यांकडून वर्गणी जमविण्यात आली. ग्रोपियस आणि त्यांचे सहकारी मॅक्सवेल फ्राय यांनी जुनी झाडे राखून, बागेकडे मोठमोठ्या खिडक्या उघडणारे वर्ग आखले. पुढे याच फ्राय यांनी आपल्या देशात चंदीगड शहराच्या उभारणीत भाग घेतला. इंपिंग्टनचे विद्यालय १९३९ साली सुरू झाले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध भडकले आणि बांधकामे थांबली.

युद्धानंतरही पैशाची चणचण होतीच. पाचवे ग्रामविद्यालय बॅसिंगबोर्न येथे उघडले ते १९५४ साली, आणि त्याच वर्षी मॉरिस सेवानिवृत्त झाले. बत्तीस वर्षांच्या अविरत खटपटीचे फळ म्हणजे पाच विद्यालये! वरवर पाहणाराला हे फळ थोडे वाटेल. परंतु लावलेले रोप आता रुजले होते. पुढील काही वर्षांतच स्वेव्हसी, मेलबर्न, कॉम्बर्टन अशा गावी नवी विद्यालये निघाली. लेस्टरशरसारख्या दुसऱ्या परगण्यांनीही ही कल्पना उचलली.

मॉरिस यांनी लग्न केले नाही. आपल्या बालपणाविषयी ते क्वचितच बोलत. निवृत्तीनंतर तरुण कलावंतांना राहण्यास व काम करण्यास जागा मिळावी, म्हणून त्यांनी डिग्सवेल येथे एक संस्था उभारली. १९६१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

सॉस्टन व इंपिंग्टन येथील विद्यालये आजही चालू आहेत. चौदाव्या वर्षी ज्याच्यासाठी शाळेचे दार बंद झाले, त्यानेच हजारो खेडुतांसाठी ते दार उघडले, आणि दिवस मावळल्यावरही ते उघडे राहील अशी व्यवस्था केली. कोणत्याही मोठ्या कामाला वेळ लागतो. ते आपल्या डोळ्यांदेखत पुरे होईलच असे नाही. तरीही जो ते नेटाने करीत राहतो, त्याचे श्रम वाया जात नाहीत, हेच हेन्री मॉरिस यांचे चरित्र आपल्याला सांगते.