विश्लेषण : स्मार्ट रिंगच्या काळात सदाशिवरावभाऊंचा तोतया का आठवावा?

बोटातली अंगठी यंत्राजवळ नेली की बिल चुकते होते, कार्यालयाचे दार उघडते. स्मार्ट रिंगची ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. पण अंगठी ओळखली गेली म्हणजे ती घालणारा माणूसही ओळखला गेला, असे म्हणता येईल का? माणसाची ओळख नेमकी कशाने पटते, या प्रश्नाने सुमारे २५० वर्षांपूर्वी मराठी राज्याला हैराण केले होते. त्याच्या केंद्रस्थानी होते सदाशिवरावभाऊ पेशवे. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या मोहिमेने त्यांचे नाव झाले, पानिपतावर ते पडले आणि त्यानंतर १५ वर्षे दुसराच माणूस त्यांचे नाव सांगत राहिला.

सदाशिवरावभाऊ कोण होते?

थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांचे हे पुत्र. जन्म ऑगस्ट १७३०चा. आई रखमाबाई बाळंतपणानंतर काही दिवसांतच वारल्या. दहाव्या वर्षी वडीलही गेले. आजी राधाबाईंनी त्यांना वाढवले. रामचंद्रबाबा शेणवी यांच्यासारख्या मुरब्बी माणसाच्या हाताखाली ते कारभार शिकले. १७४६मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले. तलवारीइतकाच त्यांचा हिशेबावरही हात होता. जमाखर्चाच्या बाबतीत ते कडक, कामसू आणि काहीसे तापट म्हणून ओळखले जात.

कारभारात त्यांचे वजन कसे वाढले?

१७५०मध्ये सांगोल्याला झालेल्या करारामुळे. छत्रपती रामराजे यांनी राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपवण्यास तेथे मान्यता दिली. या घडामोडीत भाऊ आणि रामचंद्रबाबा पुढे होते. त्याच सुमारास कोल्हापूरची पेशवाई घेण्याचा भाऊंचा विचार होता. घरात दुफळी नको म्हणून चुलतभाऊ नानासाहेब पेशव्यांनी त्यांना पुण्यातच मुख्य कारभारी केले.

त्या काळी कागदाचा खरेपणा शिक्क्यावर ठरे. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब, अशी दुहेरी खूण असे. मजकूर संपल्यावर मोर्तब उठले की नंतर त्यात ओळ घुसडणे अवघड होई. पेशव्यांच्या मुद्रेत नाव छत्रपतींचे असे, निर्णय मात्र पुण्यात होत. शिक्का खरा आहे एवढे कळले, तरी त्यामागे हात कोणाचा हे वेगळे पाहावे लागे.

उदगीरला काय घडले?

१७५९मध्ये पुण्यात मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवर कट्यारीने हल्ला केला. वार पाठीवर बसला, भाऊ वाचले आणि जखमेचा व्रण कायम राहिला. काही महिन्यांतच ते निजामावर चालून गेले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्यांच्या बाजूने होता. उदगीर-औसा परिसरात निजामाची फौज कोंडली गेली. फेब्रुवारी १७६०मध्ये निजामाने हार मानली. सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे आला. त्यासोबत दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणीही मिळाली. या यशामुळेच उत्तरेत अब्दालीवर जाणाऱ्या फौजेचे सेनापतीपद भाऊंना मिळाले. मार्च १७६०मध्ये मराठवाड्यातल्याच परतूरहून ही फौज निघाली.

पानिपतावर मृत्यूची खातरजमा का झाली नाही?

उत्तरेत भाऊंना पैशाची चणचण सतत भासली. दिल्लीत दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडण्याची वेळ आली. पुढे पानिपतच्या छावणीत दाणागोटाही संपला. १४ जानेवारी १७६१ रोजी, दुपारपर्यंत अटीतटीने चाललेल्या लढाईत विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. भाऊंचा शेवट नेमका कसा झाला, हे खात्रीने सांगणारा त्यांच्या बाजूचा कोणी परतला नाही.

रणांगणावर त्यांचा शोध घेतला गेला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी ती हकिगत लिहून ठेवली आहे. शिर नसलेले एक धड सापडले, जवळ काही मोती होते. भाऊंना ओळखणाऱ्यांनी तीन खुणा पाहिल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा व्रण आणि तळपायावरच्या शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा. शिर दुसऱ्या दिवशी मिळाले आणि अंत्यसंस्कार झाले. मोती कोणाच्याही अंगावर असू शकले असते, व्रण मात्र भाऊंचाच होता.

दख्खनमध्ये हे का पटले नाही?

पराभवाची बातमी नानासाहेबांना भेलशाजवळ मिळाली, तीही औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघालेल्या एका सावकारी पत्रातून. त्यात गेलेल्या माणसांचा हिशेब मोती, मोहरा आणि नाण्यांच्या सांकेतिक भाषेत मांडला होता. ज्यांनी देह पाहिला ते दूर होते, ज्यांना खात्री हवी होती त्यांनी तो पाहिला नव्हता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई लढाईतून वाचून पुण्याला परतल्या. पती गेले हे त्यांनी मानले नाही आणि वैधव्याची चिन्हेही स्वीकारली नाहीत. हजारो घरांत अशीच वाट पाहणे सुरू होते. तोतयाला जागा मिळाली ती इथे.

तोतया कोण होता?

बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण. रूप भाऊंशी मिळतेजुळते. आपण पानिपतातून वाचलेले भाऊच आहोत असे सांगून त्याने लोक जमवले. १७६५च्या सुमारास त्याला पुण्यात आणले गेले. थोरल्या माधवरावांनी चौकशी करवली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. त्याला जिवे मारले मात्र नाही.

अकरा वर्षांनी हे महागात पडले. १७७६मध्ये पेशवाईत सवाई माधवराव तान्हे होते, राघोबादादांचा तंटा आणि इंग्रजांचे राजकारण चालू होते. रत्नागिरीचा किल्ला सांभाळणाऱ्या रामचंद्र नाईक परांजपे यांनी कैद्याला सोडले आणि भाऊ म्हणून पुढे केले. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले. ज्यांनी दरवाजे उघडले, त्यातल्या काहींचा विश्वास होता, काहींची सोय होती. महादजी शिंद्यांनी त्याच्या फौजेचा मोड केला. तो समुद्रमार्गे पळाला आणि राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला.

खोटेपणा कसा सिद्ध झाला?

पुण्यात रामशास्त्री प्रभुणे यांच्यासह पंचांपुढे पुन्हा चौकशी झाली. भाऊंना जवळून पाहिलेली माणसे हयात होती. नाना फडणवीस स्वतः पानिपतावर गेले होते. चेहऱ्याचे साम्य तोतयाकडे होते. पण घरातल्या, कारभारातल्या ज्या गोष्टी खऱ्या भाऊंनाच ठाऊक असणार, तिथे सोंग टिकण्यासारखे नव्हते. डिसेंबर १७७६मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई १७८३मध्ये वारल्या. पतीच्या देहाची खात्री पटली नाही म्हणून त्यांनी २२ वर्षे वाट पाहण्यात काढली.

स्मार्ट रिंग यातले काय करते?

ओळख पटवण्याचे तीन आधार असतात. जवळची वस्तू, मनात ठाऊक असलेली गोष्ट आणि शरीराची खूण. भाऊंच्या बाबतीत मोती ही वस्तू, घरची माहिती ही ठाऊक असलेली गोष्ट आणि पाठीवरचा व्रण ही शरीराची खूण.

पैसे चुकते करणाऱ्या अंगठीत एक छोटी चिप आणि तारेचे वेटोळे असते. दुकानातल्या यंत्रापासून काही सेंटिमीटरवर आणली की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला वीज मिळते. म्हणून अशा अनेक अंगठ्यांना बॅटरी लागत नाही. ती कार्डाचा मूळ क्रमांक सांगत नाही, त्याऐवजी पर्यायी क्रमांक आणि त्या व्यवहारापुरता सांकेतिक कोड देते. हा कोड चोरून दुसऱ्यांदा वापरता येत नाही. जुन्या मोर्तबाचे काम तो करतो, फक्त प्रत्येक व्यवहाराला नवा.

धोका कुठे उरतो?

अंगठी स्वतः फक्त वस्तू आहे. बोट कोणाचे, हे अशा साध्या अंगठीला कळत नाही. भारतात संपर्करहित कार्डव्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. तेवढ्यापुरता अंगठी हाच पुरावा असतो. त्यापुढे पिन, म्हणजे ठाऊक असलेली गोष्ट, मागितली जाते. दार उघडणाऱ्या अंगठीसोबत दुसरी खातरजमा नसेल, तर दार कोणासाठीही उघडेल. दुष्यंताची अंगठी हरवल्यावर शकुंतलेची ओळखच नाकारली गेली, ही कथा घरोघरी माहीत आहे. अंगठी चुकीच्या हाती पडली तर उलटेही घडू शकते.

वापरणाऱ्याने काय करावे?

अंगठीला जोडलेल्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवावी. बँकेच्या अॅपमध्ये व्यवहाराची मर्यादा कमी करावी. प्रत्येक व्यवहाराचा संदेश मोबाइलवर येतो ना, ते पाहावे. अंगठी हरवली तर शोधत बसण्याआधी ती बंद करावी. आज हे काही मिनिटांत होते. पेशवाईत ती सोय नव्हती. १७६५मध्ये पुण्यात खोटे ठरलेले नाव १७७६मध्ये कोकणातल्या किल्ल्यांवर पुन्हा चालले, कारण तो निकाल प्रत्येक दरवाजापर्यंत पोहोचला नव्हता, आणि जिथे पोहोचला होता तिथे तो मानायचा की नाही, हे किल्लेदार ठरवत होता.