पदवी नसलेला पक्षीतज्ज्ञ

कामानिमित्त भरतपूरला उतरलो आणि काम लवकर आटोपले, तर सायकलरिक्षा करून 'घना'त जायचे हा माझा नेम आहे. केवलादेव अभयारण्याला तिकडे घनाच म्हणतात. रिक्षावालाच पक्षी ओळखून दाखवतो. चित्रबलाक, सारस, हिवाळ्यात आलेले पट्टकदंब हंस, आणि आपले काळेसावळे वारकरी बदक! हे तळे आज शिल्लक आहे ते बऱ्याच अंशी एका मुंबईकरामुळे, म्हणजे डॉ. सलीम अलींमुळे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले; मामांनी खेतवाडीत वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले आणि आयुष्याला वळण लागले. पुढे ब्रह्मदेशात घरचा धंदा सांभाळला, पण लक्ष सारे पाखरांत.

विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतील जागा त्यांना नाकारली गेली. आम्हा डिप्लोमावाल्यांना हे दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही. जर्मनीत शिकून १९३० साली परतले, तर म्युझियममधली नोकरीही संपलेली. मग पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि रिकामपणी सुगरणीची घरटी पाहत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच काम पुढे सरकते. मादी स्थिरावली की हे महाशय दुसरे घरटे विणायला मोकळे! अर्ध्या कामाची तपासणी आमच्याकडेही असते, पण इतकी कडक नाही. या निरीक्षणाने त्यांचे नाव झाले. १९३९ साली तहमिना गेल्या. तरी काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले.

भरतपूर हे संस्थानिकांचे शिकारीचे तळे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, नेमक्या सलीम अलींच्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळ्याने तेथे ४,२७३ पक्षी मारले. आकडा दगडावर कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेऊन ते वाचवले. तेथेच पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून सोडले जाऊ लागले आणि त्यांतली काही बदके थेट रशियात सापडली.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. म्हशींच्या चराईने तळ्याचे नुकसान होते, असे सलीम अलींचे मत होते. १९८२ साली चराईबंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, काहींचे प्राण गेले. पण त्यांच्याच सोसायटीने तेथे वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात उलटेच दिसले: म्हशी गेल्या, पाण्यात गवत माजले आणि पाणपक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. अंतिम निष्कर्ष येण्याआधीच, २० जून १९८७ रोजी सलीम अली गेले. आपले चुकले हे त्यांनी मानले असते का? अर्धवट घरट्यासमोर महिनोन् महिने बसून नोंदी करणारा माणूस नोंदींवर रुसला नसता, असे मला आपले वाटते. पण गेलेल्या गावकऱ्यांच्या घरी याचा काय उपयोग, हा प्रश्न घनातून परतताना दरवेळी मनात येतोच.