आकाशाचे उपासक : यूजेन बूदँ

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ओंफ्लर नावाचे एक जुने बंदर आहे. तेथे १२ जुलै १८२४ रोजी एका खलाशाच्या घरी यूजेन बूदँ यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण त्यांस फारसे लाभले नाही. लहानपणीच वडिलांच्या बोटीवर त्यांनी काम केले. मात्र समुद्र, वारा आणि ढग यांचा त्यांचा अभ्यास अखेरपर्यंत सुटला नाही.

पुढे ल हाव्र शहरी त्यांनी भागीदारीत कागद व चित्रांच्या चौकटींचे दुकान काढले. तेथे मिलेसारख्या चित्रकारांशी परिचय होऊन चित्रकलेची ओढ अनावर झाली. व्यापार सोडून त्यांनी कुंचला धरला. १८५१ साली नगराची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली व ते पॅरिसला गेले. पण मन रमले ते किनाऱ्यावरच. उघड्यावर बसून पेस्टल वा जलरंगांत ते आकाश टिपीत आणि चित्रावर तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहून ठेवीत.

१८५८ च्या सुमारास व्यंगचित्रे विकणारा एक तरुण त्यांस भेटला. त्याला बूदँ यांची चित्रे आवडत नसत. तरीही त्यांनी आग्रह सोडला नाही. त्याला सोबत नेऊन निसर्गासमोर बसविले. तो तरुण म्हणजे क्लोद मोने! शिष्याची कीर्ती पुढे गुरूहून कितीतरी वाढली. १८७४ च्या पॅरिसमधील प्रसिद्ध प्रदर्शनात शिष्याच्या चित्रांसोबत गुरूंनीही आपली चित्रे मांडली.

त्रूव्हीलच्या पुळणीवर हवा खाण्यास येणारे श्रीमंत स्त्रीपुरुष त्यांनी चितारले, तेव्हा नाव झाले. परंतु १८६७ साली ब्रिटनीतील कष्टाळू ग्रामस्थांत राहून परतल्यावर तो थाटमाट रंगविण्याची त्यांस लाज वाटली. कोळिणी, धुणे धुणाऱ्या बायका व मासेमारीच्या बोटी यांना त्यांच्या चित्रांत मानाचे स्थान मिळाले.

८ ऑगस्ट १८९८ रोजी दोव्हील येथे, समुद्राच्या सान्निध्यात, त्यांनी देह ठेवला. आपण चित्रकार झालो तो बूदँ यांच्यामुळे, हे मोने यांनी कृतज्ञतेने मान्य केले. शिष्याने आपल्या पुढे जावे आणि गुरूने त्यात समाधान मानावे, याहून मोठे यश कोणते? आम्हांस तर बूदँ यांच्या चित्रांइतकेच त्यांचे हे मनही आकाशासारखे विशाल वाटते.