आजचं मनन : विद्वान जेव्हा खाणीच्या गावात जातो

वाचन : फिलिप्पैकरांस पत्र २:५-११



आजच्या वाचनात प्रभू स्वतःला रिकामं करून दास होतो. याच पत्रावर भाष्य लिहिणारे बिशप जोसेफ बार्बर लाइटफुट यांची आज ओळख करून घेऊ.

जन्म १८२८, लिव्हरपूल. शिक्षण केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, पुढे केंब्रिजलाच प्राध्यापक. ग्रीक आणि लॅटिनवर जबरदस्त पकड. गलतीकरांस पत्रावरचं त्यांचं भाष्य १८६५ मध्ये आलं, फिलिप्पैकरांसवरचं १८६८ मध्ये.

काळ मात्र अवघड होता. जर्मनीतल्या ट्यूबिंगनचे अभ्यासक म्हणत होते की नव्या करारातली बरीच पुस्तकं प्रेषितांच्या काळातली नाहीतच, ती दुसऱ्या शतकातली आहेत. अनेक भाविक चिडले. लाइटफुट शांतपणे कामाला लागले. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मरणदंडासाठी रोमला नेत होते, तेव्हा वाटेत त्यांनी मंडळ्यांना पत्रं लिहिली. पण त्यांच्या नावावर नंतरची बनावट पत्रंही फिरत होती. लाइटफुटनी जुनी हस्तलिखितं आणि भाषांतरं ताडून पाहिली आणि सात पत्रं खरी असल्याचं दाखवलं. या पत्रांत पौलाच्या लिखाणाचे पडसाद आहेत, म्हणजे पौलाची ती पत्रं त्याआधीची! हा विषय जवळजवळ तीस वर्षं त्यांच्या मनात होता. ग्रंथ आला १८८५ मध्ये.

तोवर आयुष्य पार बदललं होतं. १८६७ मध्ये लिचफिल्डचं बिशपपद त्यांनी नाकारलं होतं. १८७९ मध्ये डरहॅमसाठी बोलावणं आलं, तेव्हा बराच विचार करून, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांनी केंब्रिज सोडलं. डरहॅम म्हणजे कोळशाच्या खाणी, जहाजांचे कारखाने, झपाट्याने वाढणारी वस्ती. लग्न केलेलं नव्हतं, पण ऑकलंड कॅसल हे बिशपचं घर त्यांनी तरुणांनी भरून टाकलं. पाळक होऊ पाहणारे पदवीधर तिथे त्यांच्याच खर्चाने राहायचे, अभ्यास करायचे आणि आसपासच्या खाणींच्या गावांत सेवेला जायचे. १८८९ मध्ये संडरलंडच्या हेंडन भागात स्वखर्चाने बांधलेलं चर्च उभं राहिलं. नाव दिलं संत इग्नेशियस यांचं. ज्यांची पत्रं इतकी वर्षं अभ्यासली, त्यांच्या नावाने आता कामगारांच्या वस्तीत प्रार्थना होऊ लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ६१ व्या वर्षी, बिशप प्रभूकडे गेले.

आपण सगळे शिकलेले लोक. ऑफिसात कोणी बायबलबद्दल प्रश्न विचारला की आपण एकतर चिडतो, नाहीतर विषय बदलतो. तिसरा मार्गही आहे: बसून नीट अभ्यास करायचा. आणि अभ्यास झाला की तो घेऊन लोकांमध्ये उतरायचं. आज स्वतःला विचारूया, माझं शिक्षण माझ्याशिवाय आणखी कोणाच्या उपयोगी पडतंय?

प्रार्थना : प्रभू, प्रश्नांना न घाबरणारी बुद्धी दे, आणि खाली उतरायला तयार असलेलं मन दे. आमेन.